रेघभर पुढं

सिंधुबाईच्या हातचा पंप दोन-दोन वर्षं उघडावा लागत नाही, असं लातुरात रेणापूर नाक्यापासून औसा रोडपर्यंतचे मिस्त्री सांगत. पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला, डिझेल मोजून मोजून फवारा सोडणाऱ्या नोझलकडे ढकलणारा. हे काम करणारी दुसरी बाई जिल्ह्यात नव्हती. नवखं गिऱ्हाईक दुकानात शिरून "उस्ताद कुठं हायत?" असं विचारी, आणि मालक ईश्वरप्पा बोलण्याचे कष्ट न घेता हनुवटीनं बेंचकडे दाखवत. तिथं साडीवर खाकी शर्ट चढवलेली एक काटक बाई उभी असे. काही जण पंप तसाच काखोटीला मारून निघून जात. त्यातले पुष्कळ जण आठवडाभरात परत येत आणि तिच्याकडे न बघता ईश्वरप्पांशीच बोलत.

सिंधु रेणापूरची. लग्न होऊन ती किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात गेली होती. नवरा भीमा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्र्याण्णव साली पहिल्या बाळंतपणाला ती आईकडे, केवळाबाईकडे आली. मुलगी झाली. भीमा येऊन बघून गेला, बुद्धप्रिया असं नाव सांगून गेला. रविवारी तो दोघींना न्यायला येणार होता. गुरुवारी पहाटे भूकंप झाला. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती अंगावर येऊन तो गेला, सासू-सासरे गेले. ओली बाळंतीण म्हणून सिंधुला कुणी तिकडे जाऊ दिलं नाही. भीमाचं नाव तिनं वाचलं ते तहसील कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेल्या यादीत. त्याच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं. दुरुस्त करून घ्यायला तिला तीन खेपा घालाव्या लागल्या.

त्या वर्षी मदत छावण्यांमधून जनरेटर आले, पाण्याची इंजिनं आली, आणि धुळीनं त्यांचे पंप बसले. ईश्वरप्पांच्या दुकानात ढीग लागला. सुटे भाग डिझेलमध्ये धुवायला त्यांना हात हवे होते. केवळाबाईनं तान्हीला ठेवून घेतलं आणि सिंधु रोज एसटीनं लातूरला येऊ लागली. छाती भरून आली की ती मागच्या मोरीत जाऊन दूध पिळून टाकी. संध्याकाळी घरी गेल्यावर तिच्या हातांच्या वासानं मुलगी तोंड फिरवी. सिंधु राखेनं हात घासून पुन्हा जवळ घेई.

पाच वर्षांनी बेंचवरचा कारागीर सोलापूरला निघून गेला. दुसरा मिळेपर्यंत म्हणून ईश्वरप्पांनी तिला तिथं उभं केलं. बेंचवर पंप लावून फिरवायचा. समोर सहा काचनळ्या. प्रत्येक नळीत डिझेल सारख्या उंचीवर चढलं पाहिजे. एक जरी खाली राहिली तरी इंजिन लंगडतं. सिंधुच्या नळ्या अशा जुळत की वरून पाटी ठेवली तर हलायची नाही. दुसरा कारागीर कधी शोधलाच गेला नाही. दोन हजार तीन साली नोझल तपासताना फवारा तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात शिरला. सुईएवढं भोक, रक्तसुद्धा नाही. तिनं पदरानं पुसून काम चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं, पाचव्या दिवशी डॉक्टरांनी दोन पेरं काढली. पंधराव्या दिवशी ती बेंचवर होती.

या दुकानाची एक रीत होती. सिलेंडरमध्ये डिझेल कधी फवारायचं, पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी, याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. पंपावर एक रेघ, इंजिनाच्या अंगावर एक रेघ. दोन्ही समोरासमोर आल्या की पुस्तकातला आकडा साधला. पण ईश्वरप्पांचं म्हणणं असं, की पुस्तकवाल्यांनी उदगीर-लातूर रस्त्यावर पंधरा माणसं कोंबलेली जीप बघितलेली नाही. तेव्हा पंप रेघेच्या जाडीइतका पुढं फिरवायचा. फवारा लवकर पडतो, इंजिनाचा आवाज कडक होतो, ओढ वाढते. मग जुनी रेघ कानशीनं घासून काढायची आणि बारीक छिन्नीनं नवी पाडायची, म्हणजे दोन्ही रेघा पुन्हा समोरासमोर. दुसऱ्या मिस्त्रीनं बघितलं तर त्याला वाटावं, सगळं पुस्तकाप्रमाणं आहे. हे सगळ्यांसाठी नसे. "घरच्यासारखं करा" असं गिऱ्हाईक म्हणालं आणि ते खरंच घरचं असलं, तरच. ही रीत दुकानाबाहेर सांगायची नाही एवढीच अट होती. सिंधुनं ती वीसेक वर्षं पाळली.

पुढं लातूर बदललं. शिकवण्या आल्या. चौकाचौकात डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या मुलांचे हसरे फोटो लागले, गल्लीगल्लीत वसतिगृहं उभी राहिली, आणि वीज जाते म्हणून प्रत्येक इमारतीमागे एकेक जनरेटर बसला. ईश्वरप्पांचं दुकान दुप्पट झालं. सिंधुनं दुकानामागच्या वस्तीत खोली घेतली, मुलीला शाळेसाठी रेणापूरहून आणलं. अकरावीला एका शिकवणीनं बुद्धप्रियाला सवलतीत घेतलं, मागच्या बाकावर. बारावीला तिला चांगले गुण पडले तेव्हा तिचाही फोटो फलकावर लागला. खाली लिहिलं होतं, भूकंपात वडील गमावलेली, मिस्त्रीकाम करणाऱ्या आईची मुलगी. सिंधुनं तो फलक येता-जाता बघितला, पण खाली थांबली कधी नाही.

बुद्धप्रिया नांदेडला इंजिनिअर झाली आणि तिथंच पुढचं शिकायला राहिली. तिचा विषय आईला समजावून सांगायला ती एका सुट्टीत चुलीपाशी बसली. गॅस संपला होता म्हणून चूल.

"माय, मोहरी तेलात टाकली की लगेच तडतडती का?"

"तेल तापलेलं आसंल तर."

"तेल किती तापलंय, मोहरी किती टाकली, कधी टाकली, एवढंच सांगितलं तर कढईत न बघता कधी तडतडंल ते सांगता यील?"

"मला यील," सिंधु म्हणाली. "तुज्या मशिनीचं माहीत न्हाई."

पण तिला कळलं. डिझेल फवारल्यापासून पेटेपर्यंत मधे एक थांबा असतो. एक-दोन सहस्रांश सेकंदांचा. त्या थांब्यावर सगळं ठरतं, ओढ किती, धूर किती, नाकाला झोंबणारे वायू किती. बुद्धप्रिया एक डबी बनवत होती. इंजिन चालू असतानाच ती डबी प्रत्येक फेऱ्याला आतलं जळणं गणितानं मांडणार, आणि पुढच्या फेऱ्याला फवारा थोडा आधी पाडायचा की नंतर ते सांगणार. सिलेंडरच्या आत दाब मोजायचं महागडं यंत्र बसवायची गरज नाही. जुन्या जनरेटरलाही लावता येईल आणि धूर कमी होईल. पुण्याच्या एका कंपनीला हे हवं होतं. लातुरात एका जनरेटरवर ते चालवून दाखवलं की कंपनी बुद्धप्रियाला या कामासाठी पुण्यात नोकरीवर घेणार होती. तसं पत्र आलं होतं. सिंधुनं ते पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं, उंदीर लागू नयेत म्हणून.

हे सगळं गणित कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका इंजिनावर बेतायचं होतं, आणि त्या इंजिनाचा पंप गळत होता. बुद्धप्रियानं हट्टानं तो लातूरला आईकडे आणला. नांदेडात मिस्त्री नाहीत का, असं तिचे मार्गदर्शक अंबरीश सर म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, आहेत, पण माझ्या आईसारखे नाहीत. सिंधुनं पंप बेंचवर लावला, नळ्या जुळवल्या, आणि बसवायलाही स्वतःच गेली. चाकूर, अहमदपूर, लोहा असा चार तासांचा प्रवास तिनं पंप मांडीवर घेऊन केला.

प्रयोगशाळेत मुलं भोवती उभी राहिली. अंबरीश सरांनी तिला खुर्ची दिली; ती बसली नाही. तिनं पंप चढवला, रेघेला रेघ लावली, बोल्ट आवळले. सरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. मुलं चहाला गेली. "माय, तू पण चल," बुद्धप्रिया म्हणाली. सिंधु म्हणाली, हात धुऊन येते.

हात धुण्याआधी तिनं बोल्ट सैल केले, पंप रेघभर पुढं घेतला, पुन्हा आवळला. पिशवीत कानस होती, छिन्नी होती. जुनी रेघ गेली, नवी आली. दहा मिनिटांचं काम. त्यात तिनं ठरवलं असं काही नव्हतं. पोरीच्या ताटात मऊ भाकरी आपोआप पडते, त्याला विचार लागत नाही. ती हात धुऊन चहाला गेली.

बुद्धप्रिया कामाला पक्की होती. डिझेल मोजायची नळी तिनं स्वतः तपासली, तापमापकं दोन-दोनदा तपासली. पंपाचा फवारा नेमका कधी सुरू होतो हे तपासायला अर्धा दिवस लागतो. ते तेवढं तिनं तपासलं नाही. रेघा जुळलेल्या होत्या आणि त्या आईनं जुळवलेल्या होत्या. गणितात तिनं पुस्तकातला आकडा घातला, तेवीस अंश.

सुरुवातीला गणित आणि इंजिन जमेना. गणितापेक्षा इंजिन लवकर पेटत होतं. बुद्धप्रियाला वाटलं, इथल्या उन्हानं असेल, इथल्या डिझेलनं असेल. तिनं गणितातला थांबा थोडा थोडा कमी केला. मग असं जुळलं की अंबरीश सर कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिले. तिनं अहवाल लिहिला. त्यात एका ओळीत होतं, पंपाची जुळणी, सिंधु भीमा सोनकांबळे, लातूर. आईला तिनं ते पान बोट ठेवून दाखवलं. सगळी अक्षरं बरोबर होती.

सतरा सालच्या जानेवारीत लातुरात दाखवायचा दिवस ठरला. औसा रोडवरच्या एका शिकवणीच्या इमारतीमागं जनरेटर होता. कंपनीनं त्याला नवा, विजेवर फवाऱ्याचं टायमिंग बदलणारा पंप बसवला होता, पुस्तकाप्रमाणं अगदी चोख. बुद्धप्रियाची डबी त्याला जोडली. वर चारशे मुलं सराव परीक्षा देत होती. कंपनीचे दोघे साहेब, अंबरीश सर आणि शिकवणीचे मालक सावलीत खुर्च्या टाकून बसले. सिंधु इस्त्रीची साडी नेसून भिंतीपाशी उभी राहिली. त्या दिवशी तिनं शर्ट घातला नव्हता.

दिवे-पंख्यांवर इंजिन छान चाललं. मग वरची थंड हवेची यंत्रं सुरू केली आणि पूर्ण भार पडला. सगळे पडद्यावरचे आकडे बघत होते. सिंधु ऐकत होती. आवाजातला कडकपणा हळूहळू गेला, इंजिन ओढताना कण्हायला लागलं. मागं गेलंय, तिच्या मनात आलं. किती? रेघभर. ती हे नेहमीच्या सवयीनं मोजत होती, त्यापलीकडे तिच्या डोक्यात काही नव्हतं. डबीला वाटत होतं की डिझेल फार लवकर पेटतंय, म्हणून ती फवारा मागं मागं ढकलत होती. दोन मिनिटांत नळीतून काळा धूर सुटला. नळीचं तोंड मुलींच्या परीक्षेच्या हॉलखाली होतं. मुली ओढण्या तोंडाला लावून, उत्तरपत्रिका छातीशी धरून जिन्यानं उतरल्या. एकीला दम होता, तिला रिक्षात घालून नेलं. शिकवणीच्या मालकांनी इंजिन बंद करायला लावलं.

कंपनीचे साहेब चिडले नाहीत. पंधरा दिवसांत चूक शोधा, म्हणाले. नुसती दुरुस्ती नको, कारण हवं. कारण मिळालं तर नोकरी ठरल्याप्रमाणं.

बुद्धप्रिया नांदेडला न जाता घरीच बसली. भिंतीला पाठ लावून, मांडीवर संगणक घेऊन. कुठं चूक असू शकते याची तिनं एका कागदावर यादी केली होती. हवा, डिझेल, तापमान, नोझल, चकतीवरचा सेन्सर. पंपाचं टायमिंग यादीत पहिलंच होतं आणि त्याच्यावर तिनं काट मारलेली होती.

"हे कामून खोडलं?" सिंधुनं विचारलं.

"ते तुजं हाय ना. ते बघायचं न्हाई."

सिंधु भाजी चिरत होती. विळीवर तिचा हात थांबला नाही. तिला दिसलं ते असं, जणू काचनळीत डिझेल चढावं तसं सावकाश आणि सरळ. नांदेडचं इंजिन रेघभर पुढं. त्याच्यावर बेतलेलं गणित. इथलं इंजिन पुस्तकाप्रमाणं. म्हणून इथं रेघभर मागं. तिनं भाजी फोडणीला टाकली आणि ती पोरीला वाढली.

दुसऱ्या दिवशी ती ईश्वरप्पांशी बोलली. ईश्वरप्पा आता सत्तरीला आले होते, खुर्चीत बसूनच असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तोंड उघडू नगा बाई," ते म्हणाले. "रेघा घासतो म्हणून बाहेर कळलं तर दवाखान्यांचे, कॉलेजांचे जनरेटर कोण देईल आपल्याला? पोरगी हुशार हाय. सापडंल तिला."

सिंधुला ईश्वरप्पांचं भय नव्हतं. तिला दुसरंच काही झालं होतं. चोवीस वर्षांत पोरीनं तिला बरंच काही विचारलं होतं. बाप कसा दिसायचा, आपल्याला घर का नाही, तुझ्या हाताला वास का येतो. एक गोष्ट कधी विचारली नव्हती, की तुझं काम बरोबर आहे ना. तेवढं एक सिंधुपाशी होतं. रोज सकाळी ती ठरवी की आज सांगायचं. रोज बुद्धप्रिया यादीतली एकेक ओळ खोडत होती, आणि रोज सांगायला कालच्यापेक्षा जास्त उशीर झालेला असे.

बाराव्या दिवशी सकाळी बुद्धप्रिया अंघोळीहून आली ती ओल्या केसांनीच संगणकापाशी बसली. तिनं जनरेटरच्या नोंदी पुन्हा चालवल्या. कारण सापडत नाही तर उलटं जाऊ म्हणाली, किती चुकतंय तेवढं बघू. थांब्यात दोन अंश वाढवले की सगळं जुळत होतं. हलका भार, पूर्ण भार, सगळीकडे. धूर नाही, कण्हणं नाही.

"दोन अंश," ती म्हणाली. "बरोब्बर दोन. माय, दोन कुठून आले आसतील?"

सिंधु तिच्या डब्यात दशम्या भरत होती. नांदेडची गाडी पाऊण तासात होती. आकडा सापडला आहे, तिच्या मनात आलं. पोरीनं तो स्वतःच शोधून काढला. आता काम होऊन जाईल. आता कशाला.

"चटणी घालू का लोणचं?" तिनं विचारलं.

"कायबी," बुद्धप्रिया म्हणाली, आणि केस न विंचरता गेली.

नांदेडला काय झालं ते बुद्धप्रियानं परत आल्यावर सांगितलं, एकदाच, पाणी पिता पिता. दोन अंश वाढवून तिनं सगळं जुळवून दाखवलं. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, दोनच का? तिला सांगता आलं नाही. मग ते म्हणाले, कारण नसलेला आकडा हा जुळवलेला आकडा असतो, आणि आज एक जुळवला असेल तर आधीचे किती जुळवले? तिनं अंबरीश सरांकडे बघितलं. सर टेबलाकडे बघत होते. नंतर त्यांनी तिला एकटीला बोलावलं आणि म्हणाले, तुमच्यासारख्यांनी पुढं यावं म्हणून मी किती ठिकाणी शब्द टाकला होता, तुम्हाला कल्पना नाही. तिचा अहवाल मागं घेतला गेला. पदवी सरांच्याच दुसऱ्या एका किरकोळ विषयावर मिळेल, असं ठरलं. कंपनीनं पुण्याचा मुलगा घेतला.

"तुमच्यासारख्यांनी म्हंजे?" सिंधुनं विचारलं.

बुद्धप्रियानं पेला पालथा घातला. "तू कामाला जा," ती म्हणाली.

महिन्याभरात तिला औसा रोडच्या त्याच शिकवणीत पदार्थविज्ञान शिकवायचं काम मिळालं. धूर झाला त्या दिवशी घाबरलेल्या मुलींना तिनं अंगणात उभं करून धूर का होतो ते समजावलं होतं, ते मालकांनी बघितलं होतं. वस्तीत सगळ्यांनी आनंद केला. शेजारणी म्हणाल्या, बघ सिंधु, पोर गावातच राहिली, तुला आणखी काय पाहिजे. सिंधुनं त्यांना पेढे वाटले.

मार्चमध्ये ती कुणाला न सांगता नांदेडला गेली. पिशवीत बोल्ट खोलायचे पाने होते. अंबरीश सर वर्गातून येईपर्यंत ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. ते आल्यावर तिनं सांगितलं, नुसतं सांगून पटणार नाही म्हणून दाखवलंही. आधी नव्या रेघेच्या शेजारी, उजेड तिरपा धरल्यावर, घासलेल्या जुन्या रेघेचा खोल भाग दिसत होता तो. मग पंपाची नळी सोडून, चाक हातानं इंचइंच फिरवून, डिझेलचा थेंब नेमका कुठं तुटतो ते. हे करायला तिला दीड तास लागला. चाकावरचा आकडा सरांनी स्वतः वाचला. पंचवीस.

सरांनी तो पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी तिला खोलीत नेलं, चहा मागवला, आणि जे सांगितलं ते लिहून द्याल का असं विचारलं. तिनं लिहिलं. तिचं अक्षर मोठं होतं, दोन पानं लागली. सरांनी ती पानं वाचून टेबलाच्या खणात ठेवली.

"हे तेव्हा कळलं असतं तर तिचं गणितच खरं ठरलं असतं," ते म्हणाले. "इंजिन चुकीचं आहे हे त्या गणितानं न सांगता ओळखलं होतं. आता उपयोग नाही, बाई. आता मी हे कंपनीला पाठवलं तर ते एवढंच विचारतील, की विद्यार्थिनीनं टायमिंग तपासलं का नव्हतं?"

"म्या बशिवलं म्हणून," सिंधु म्हणाली.

सरांनी मान हलवली. जाताना ते तिला फाटकापर्यंत सोडायला आले. नमस्कारही केला.

लातूरला पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. बुद्धप्रिया साडेपाचच्या तुकडीसाठी निघत होती. तिच्या पर्सला खडूची पूड लागलेली होती. सिंधुनं चपला न काढता उंबऱ्यातच सांगून टाकलं, नांदेडचा पंप तिनं हलवला होता. बोलायला तिला चार वाक्यं लागली. इतके दिवस तिला वाटत होतं, फार लागतील.

बुद्धप्रिया उभीच होती.

"पुढं का मागं?"

"पुढं."

"किती?"

"रेघभर. पंचवीस आलं. सरांनी बगितलं."

बुद्धप्रियानं हिशोब करावा तसे ओठ हलवले. "दोन," ती म्हणाली. मग, "तुला कधी कळलं?"

सिंधुनं खरं सांगितलं. यादी केली त्या दिवशी, भाजी चिरताना.

"म्हंजे मी दोन म्हणाले तवा तुला माहीत होतं."

"हाव."

बुद्धप्रियानं पर्स खांद्याला लावली. ती रडेल, ओरडेल, निदान काहीतरी फेकेल, असं सिंधुला वाटलं. ती म्हणाली, "साडेपाचची बॅच हाय माझी," आणि आईच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडली. त्या रस्त्यावर दोन चौक ओलांडले की शिकवणीची इमारत लागते. रोज तेवढाच वेळ लागतो. त्या दिवशीही ती वेळेवर पोचली आणि तिनं दोन तास शिकवलं.

दोघींत भांडण झालं नाही. बुद्धप्रिया आईला घेऊन नव्या दोन खोल्यांत राहायला गेली. आजारपणात तिचं सगळं करते, औषधं वेळेवर आणते. फक्त एक फरक पडला. सिंधुनं गॅस बंद केला की ती जाऊन बटण दाबून बघते. आईनं कुलूप लावलं की ते ओढून बघते. सिंधुनं डब्यात काय भरलं ते झाकण उघडून बघते, आणि मगच पर्समध्ये ठेवते. ती हे रागानं करत नाही. प्रयोगशाळेत तापमापक तपासायची तसं करते, चेहरा न बदलता. पहिल्या वेळी सिंधुनं म्हटलं, बंद केलाय मी. बुद्धप्रिया म्हणाली, असू दे. आता सिंधु काही म्हणत नाही. गॅस बंद करून ती बाजूला सरते आणि पोरीला जायला जागा करून देते.